बारा मात्रांनंतरची सम

आमच्या घरात ड्रमसेट आला त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. सेकंडहँडच होता, पण लेकीनं शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून आणलेला. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे, इथपासून सुरुवात! शेवटी दिवाण गॅलरीत गेला आणि त्याच्या जागी ड्रम विराजमान झाले. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "तुझी लेक गायची ना गं? मग हे काय मध्येच?" त्या हसत हसतच बोलल्या, पण ते हसणं कसलं ते आपल्याला बरोबर कळतं.

खरं सांगायचं तर ते 'मध्येच' मलाही बोचत होतं. मी गाण्यातली विशारद. लेकीला सातव्या वर्षापासून मीच शिकवलं. एकेक परीक्षा देत ती विशारदपर्यंत आली आणि फॉर्म भरायच्या दिवशी म्हणाली, "आई, मी या वर्षी बसत नाही. मला ड्रम्स वाजवायचेत." झालं! घरात आठ दिवस अबोला. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच बोलणं.

नवव्या दिवशी ती हेडफोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, एक गाणं ऐक. पोळ्या करता करता नाही, बसून. आणि नसेल ऐकायचं तर नुसत्या मात्रा मोज."

मात्रा मोजायला मला कुणी सांगावं लागत नाही. बसमध्ये वायपर हलत असला तरी माझी बोटं चालू असतात. त्याचं कारणही सांगून टाकते. लहानपणी मला तबला शिकायचा होता. आमचे गुरुजी फार चांगले होते, पण ते म्हणाले, "मुलींनी गावं किंवा पेटी वाजवावी." विषय तिथेच संपला. तबला राहिला, मोजायची सवय तेवढी राहिली.

तर मी मोजायला लागले. गाण्याचं नाव 'कश्मीर', बॅण्ड लेड झेपेलिन. ड्रम सरळ चार-चार मात्रांनी चाललेले, अगदी शांत, हत्ती चालावा तसे. पण गिटार आणि बाकीची वाद्यं तीन-तीनच्या गटात! मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ड्रमचे चारचे तीन गट आणि गिटारचे तीनचे चार गट झाले, की दोघं एकदम एका ठिकाणी येऊन उभे राहतात. बाराव्या मात्रेनंतर. म्हणजे आपली समच की हो! आणि पुन्हा दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघतात. साडेआठ मिनिटांच्या आसपासचं ते गाणं. मध्ये चाल बदलते, पण फिरून फिरून हा खेळ येतोच. मी गॅस बंद केला आणि पुन्हा ऐकलं.

लेक समोर उभी राहून माझ्या बोटांकडे बघत होती. काही बोलली नाही, शहाणी आहे.

त्यानंतर मी या मंडळींच्या मागेच लागले. ज्याला मी वर्षानुवर्षं 'धांगडधिंगा' म्हणत आले, त्याच्यात नक्की आहे तरी काय, हे बघायचंच ठरवलं.

लेड झेपेलिन हा इंग्लंडचा बॅण्ड, १९६८ साली जमलेला. गिटारवर जिमी पेज, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, गायला रॉबर्ट प्लांट आणि ड्रमवर जॉन बॉनहॅम. पहिला अल्बम आला जानेवारी १९६९ मध्ये. तो स्टुडिओत अवघ्या ३६ तासांत रेकॉर्ड झाला, असं पेजनंच सांगितलंय. आपल्याकडे लग्नाची पत्रिका छापून यायला याहून जास्त वेळ लागतो!

यांच्या संगीताचं मूळ 'ब्लूज'मध्ये. अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं. त्याचा नेहमीचा साचा साधा असतो. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. बारा ठोकळ्यांत एक कडवं पुरं. साचा ठरलेला, त्यामुळे सगळी करामत गाणाऱ्याच्या गळ्यात आणि वाजवणाऱ्याच्या हातात. बंदिश दोन ओळींची असली तरी गवई तासभर गातो, त्यातलाच प्रकार. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी या अमेरिकन रेकॉर्ड्‌स मिळवून मिळवून ऐकल्या आणि विजेच्या गिटारवर ते गाणं मोठ्या आवाजात वाजवायला घेतलं. तो झाला ब्लूज-रॉक. असे बॅण्ड तेव्हा पुष्कळ होते. मग हे चौघं वेगळे का?

मला वाटतं, चौघांपैकी एकही 'साथीला' बसलेला नाही, म्हणून.

जोन्सचंच बघा. चौघांत सगळ्यात कमी बोलणारा. लहान वयात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, पुढे स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी वाद्यमेळ लिहून द्यायचा. कामाचा ढीग, पण जीव रमेना. पेज नवा बॅण्ड काढतोय ही बातमी आली तेव्हा 'त्याला फोन कर' म्हणून त्याच्या मागे कोण लागलं असेल? त्याची बायको! तिनं ढोसलं नसतं तर रॉकचा इतिहास जरा वेगळाच झाला असता. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या संथ ब्लूजमध्ये हाच माणूस हातांनी ऑर्गन वाजवतोय आणि त्याच वेळी पायांनी बेसचे सूर देतोय. 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीला ऐकू येणारी ती बासरीसारखी लाकडी वाद्यं त्याचीच. आणि मँडोलिन? तीही येते त्याला. एका हातानं फोडणी, दुसऱ्या हातानं पोळी आणि पायानं पाळणा हलवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्याचं कौतुक वाटणारच!

बॉनहॅमबद्दल तर लेक तासभर बोलेल. हा माणूस रीतसर शिकलेला नाही. पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. त्यात पायाखालच्या मोठ्या ड्रमवर इतके भरभर ठोके येतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन ड्रम असणार. होता एकच, आणि पायही एकच. 'मोबी डिक' वाजवताना तो काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी ड्रम वाजवायचा. ते ऐकताना मला आमचे गुरुजी आठवले. 'फोर स्टिक्स' नावाच्या गाण्यात पाच आणि सहाचे हिशेब आळीपाळीनं येतात. तिथे त्यानं प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या घेतल्या, म्हणून गाण्याचं नावच तसं पडलं.

पण मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये कान देऊन ऐकलंत तर एक कुरकुर ऐकू येते. ती त्याच्या ड्रमच्या पेडलची. तेल घातलं नव्हतं वाटतं! रेकॉर्डमध्ये ती तशीच राहिलीय. वाजवणं इतकं जिवंत झालं होतं, की कुरकुरीसाठी ते पुसून टाकावंसं कुणाला वाटलं नसावं. नाहीतर आपण, चकलीचा एक काटा मोडला तर घाणा बाजूला ठेवतो.

प्लांटचा आवाज सुरुवातीला माझ्या अंगावर आला, हे कबूल करते. इतक्या वरच्या पट्टीत माणूस गातो का किंचाळतो? पण 'ब्लॅक डॉग' ऐकलं आणि चमकले. तो एकटा गातो, वाद्यं गप्प. तो थांबतो आणि मग वाद्यं तुटून पडतात. सरळ सवाल-जवाब! नंतर वाचलं, की मोरोक्कोत फिरताना इजिप्तच्या उम्म कुलसूम या थोर गायिकेचं गाणं कानावर पडून तो वेडा झाला होता. मग त्याच्या काही हरकती ओळखीच्या का वाटतात ते कळलं. 'कश्मीर'चे शब्दही त्याला दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर सुचलेले. आपल्या काश्मीरला तेव्हा यांतला एकही जण गेलेला नव्हता! आणि पेजनं त्या गाण्यासाठी गिटारच्या सहा तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावल्या आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, सा, म, प, सा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते गाणं परकं वाटत नाही, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या अष्टपैलूपणाची. पहिले दोन अल्बम दणकेबाज झाले, पैसा आला, नाव झालं. एखाद्यानं तिसराही तसाच काढला असता. पण १९७० साली पेज आणि प्लांट वेल्समधल्या एका डोंगराळ भागातल्या घरात जाऊन राहिले. तिथे वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. साहजिकच साध्या गिटारीवर गाणी झाली. तिसऱ्या अल्बमचा मोठा भाग हा असा हलका, लोकगीतांच्या वळणाचा आहे. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. ते थांबले नाहीत. पुढे १९७३च्या अल्बममध्ये तर एक गाणं जमैकाच्या रेगे ढंगाचं, एक नाचाच्या ठेक्याचं पण मुद्दाम अशा मात्रांचं की पाऊल अडखळावं, आणि एक 'द रेन साँग', पावसाच्या संध्याकाळी खिडकीत बसून ऐकावं असं. सुगरण एका भाजीवर ओळखू येत नाही. सणाचं ताट आणि घरात काही नसतानाचं पिठलं, दोन्ही जिला साधतं ती खरी.

आपल्या मुंबईशीही त्यांचा धागा आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना बरोबर घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि तेच 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केलं. ते रेकॉर्डिंग ४३ वर्षं पडून होतं. २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं. मी ते मुद्दाम मिळवून ऐकलं. तबला सुरू झाला आणि मला हसूच फुटलं. बॉनहॅमला चार काठ्या लागल्या, आपल्या माणसानं दहा बोटांत भागवलं!

इथपर्यंत सगळं कौतुकच झालं. पण कौतुक करायचं तर पुरतं करावं. या बॅण्डच्या दौऱ्यांतल्या वागण्याचे किस्से वाचले, तर बाई म्हणून त्यांतले काही मुळीच आवडत नाहीत. शिवाय एक गोष्ट मला आमच्या सासूबाईंमुळे लक्षात आली.

सासूबाई साताऱ्याकडच्या, वय ऐंशीच्या पुढे. नातीचे ड्रम सुरू झाले की त्या पलंगावर बसून गुडघ्यावर ठेका धरतात. एक दिवस त्या जात्यावरची ओवी म्हणत होत्या. लेकीनं विचारलं, "आजी, ही कुणी केली?" त्या म्हणाल्या, "कुणी केली म्हणजे? दळताना सुचायची. माझी आई म्हणायची, म्हणून मी म्हणते." आपण अशा गाण्यावर काय छापतो? 'पारंपरिक'. एका शब्दात सगळ्या आज्या, पणज्या गायब!

झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर 'बेब, आय ॲम गॉना लीव्ह यू' हे सुरेख गाणं आहे. त्याच्यापुढेही १९६९ साली 'पारंपरिक' असंच छापलं होतं. पेज आणि प्लांट यांना ते जोन बाएझच्या रेकॉर्डवरून माहीत झालेलं. प्रत्यक्षात ते ॲन ब्रेडन नावाच्या एका अमेरिकन बाईनं १९५० च्या दशकाच्या शेवटी रचलेलं. आपल्या गाण्याचं काय झालंय हे तिला कळलं ते थेट १९८० च्या दशकात! १९९० पासून तिचं नाव गाण्यापुढे लागलं आणि मागची रॉयल्टीही मिळाली. त्याच अल्बममध्ये गिटार आणि तबल्याचा एक छोटा तुकडा आहे. तबला विरम जसानी यांचा. त्यातली गिटारची चाल बर्ट जान्श या वादकाकडून आली, आणि जान्शला ते मूळ लोकगीत शिकवलं ॲन ब्रिग्ज या गायिकेनं. बायकाच बायका, पण पडद्यामागे. पुरुषांच्या वाट्यालाही हे आलंच. ब्लूजचे मोठे गीतकार विली डिक्सन यांना 'होल लॉटा लव्ह'वर आपलं नाव लागावं म्हणून १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं.

एका बाईचं नाव मात्र पहिल्यापासून छापलेलं आहे, मेम्फिस मिनी. खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७चा. तेराव्या वर्षी घर सोडून ती मेम्फिसच्या रस्त्यावर गिटार वाजवायला लागली. पुढे सुमारे २०० गाणी रेकॉर्ड केली. बिग बिल ब्रूंझी हा त्या काळचा नामी गिटारवाला. शिकागोतल्या चढाओढीत ह्या बाईनं आपल्याला हरवलं, हे त्यानंच आत्मचरित्रात सांगून ठेवलंय. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले. त्या पुरावर मिनी आणि तिचा नवरा कान्सास जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये एक गाणं रेकॉर्ड केलं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. गातोय नवरा, पण गिटार वाजवतेय ती. १९७१ साली झेपेलिननं तेच गाणं घेतलं. एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ड्रम मांडले आणि माइक वर जिन्यातून टांगले. त्या घुमण्यानं ड्रमचा असा आवाज आला, की आजही जगभरचे लोक तो आपल्या गाण्यांत वापरतात. पूर म्हणजे काय, ते त्या ड्रममध्ये ऐकू येतं.

मिनी १९७३ मध्ये गेली. शेवटची वर्षं आजारपणात आणि गरिबीत काढून. तिच्या कबरीवर नीटसा दगड बसला तो १९९६ साली. त्याचा खर्च बॉनी रेट या गायिकेनं, स्वतः उत्तम गिटार वाजवणाऱ्या बाईनं, केला.

हे सगळं वाचून मी लेकीला जरा टोचूनच म्हटलं, "बघ गं, तुझ्या थोर लोकांचं!" ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर नाव माहीत हवं ना, आई. वाजवतात ते खोटं नाहीये. पण कुणाकडून घेतलं, तेही सांगायला हवं." मी गप्प. माझ्या वहीत आईकडून घेतलेली चार गाणी आहेत. त्यांच्यावर मीही 'पारंपरिक'च लिहिलंय.

बॉनहॅम सप्टेंबर १९८० मध्ये दारूपायी गेला. वय अवघं ३२. दुसरा ड्रमर शोधायला वेळ लागला नसता, रांग लागली असती. पण त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी जाहीर केलं, की आता हा बॅण्ड नाही. चौघांची बैठक होती, एक उठला तर संपली. २००७ साली लंडनला एका रात्रीपुरते ते पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा ड्रमवर बॉनहॅमचाच मुलगा जेसन होता.

आणि २०१२चा तो वॉशिंग्टनमधला समारंभ लेकीनं मला दाखवला. तिघे म्हातारे सत्काराला बाल्कनीत बसलेले. खाली 'स्टेअरवे टू हेवन' सादर करायला कोण, तर ॲन आणि नॅन्सी विल्सन या दोघी बहिणी. एक गातेय, एक गिटार वाजवतेय, ड्रमवर पुन्हा जेसन, मागे मोठा गायकवृंद. ज्या गाण्यानं हजारो मुलांच्या हातात गिटार दिली, ते दोघी बायका इतक्या अधिकारानं गातायत, आणि वर प्लांटचे डोळे भरून आलेले. माझेही आले. कशानं, ते सांगता येणार नाही.

तुम्हाला ऐकावंसं वाटलं तर माझा क्रम सांगते. आधी 'द रेन साँग'. मग 'स्टेअरवे टू हेवन', पण चार मिनिटांच्या पुढे ड्रम येईपर्यंत धीर धरा. मग 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू', पेडलच्या कुरकुरीसकट. त्यानंतर मिनीचं 'लेव्ही' आणि लगेच यांचं, एकामागोमाग एक. आणि शेवटी 'कश्मीर', बोटांवर मात्रा मोजत.

लेकीनं विशारदचा फॉर्म अजून भरलेला नाही. भरेल की नाही, मला माहीत नाही, आणि त्याचं थोडं वाईट अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दुपारी खालच्या काकू झोपायच्या आधीचा एक तास ठरलेला आहे. ती ड्रमवर चार मोजते, मी डायनिंग टेबलावर हातानं तीन धरते. पहिल्यांदा चुकतं, तिच्यापेक्षा माझंच जास्त. मग एखाद्या वेळी बारा मात्रा पुऱ्या होतात आणि दोघी एकदम पोचतो. पलंगावरून सासूबाई म्हणतात, "हां, आत्ता आलं बघ!"

आणि हो, वहीतल्या त्या चार गाण्यांवरचा 'पारंपरिक' मी खोडला. त्याच्यावर आईचं नाव लिहिलंय.